सहाशे साचे

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव ज्याच्या कानावर पडले नाही असा वाचक या त्रैमासिकाला क्वचितच असेल. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतील राशोल येथे छापले गेले, मराठी भाषेचा गौरव त्यांनी त्यात किती प्रेमाने केला, हे आपण व्याख्यानांतून आणि शालेय पुस्तकांतून वारंवार ऐकले आहे. त्या मानाने दुसरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मराठीतला हा थोर काव्यग्रंथ मराठीच्या अक्षरांत छापला गेला नाही. तो रोमन लिपीत छापावा लागला.

असे का झाले, याचे उत्तर स्वतः फादर स्टीफन्स देऊन गेले आहेत. १६०८ साली येशूसंघाच्या श्रेष्ठींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली अनेक वर्षांची एक इच्छा कळवली होती. या प्रदेशाच्या भाषेत आणि या प्रदेशाच्याच लिपीत पुस्तके निघावीत, मलबारात जशी निघाली आणि तेथील ख्रिस्ती समाजाला उपयोगी पडली तशी. परंतु अडचण मोठी होती. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे केले की भागते. येथे सुमारे सहाशे ओतावे लागतील, आणि ते तर अशक्यप्राय. इच्छा इच्छाच राहिली. पुढे रोममध्ये, ख्रिस्तसभेच्या धर्मप्रसार मंडळाच्या छापखान्याने देवनागरीचे सुटे खिळे पाडून या लिपीची ओळख करून देणारे लॅटिन पुस्तक काढले, ते १७७१ साली. आणि ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत छापून वाचकांच्या हाती आले, ते शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने, १९५६ साली. मध्ये ३४० वर्षे गेली.

सहाशे हा आकडा मी अनेकदा वाचला होता. तो स्वतःच्या हाताने मोजण्याची पाळी मात्र पन्नाशी उलटल्यावर आली, आणि ती आणली माझ्या आईच्या डोळ्यांनी.

आईच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग वयोमानाने झिजत चालला आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितले की तिला कडेचे दिसत राहील, समोरचे पुसट होत जाईल. म्हणजे अंगणात कोण आले ते तिला कळते, पण ती ज्या शब्दावर नजर ठेवते तोच शब्द विरघळतो. तिच्या सगळ्या प्रार्थना पाठ आहेत, त्यामुळे रोझरीला तिचे काही अडत नाही. अडते ते रोजच्या शास्त्रपाठाला. मिस्साला जाणे थांबल्यापासून त्या दिवसाचा पाठ स्वतः वाचायचा, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा नाही, असा तिचा हट्ट. आम्ही मोठ्या टाइपाची पुस्तके आणली, भिंग आणले. पण अक्षर जितके मोठे, तितकी भिंगाखाली येणारी अक्षरे थोडी. शब्द संपेपर्यंत ओळ हरवते. शिवाय वृद्धांसाठी म्हणून जी पुस्तके निघतात ती ठळक टाइपात छापण्याची पद्धत आहे. माझ्या मते ही दया उलटी आहे. रेघ जाड झाली की अक्षराच्या पोटातील पांढरी जागा बुजते, आणि अंधुक नजरेला वाचायची असते ती नेमकी तीच जागा.

“बाय, हा भार आहे की मार?” आई विचारायची. कधी धन आणि घन, कधी भात आणि मात. तिच्या प्रश्नांची मी एक यादी केली आणि ध्यानात आले की ती सरसकट अडखळत नाही. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या तीनच जोड्यांवर तिचे बोट थांबते. या प्रत्येक जोडीत फरक आहे तो वरच्या बाजूचा, शिरोरेखा अखंड आहे की किंचित तुटलेली, एवढाच. छपाईत ती फट केसाएवढी असते. तरुण डोळा ती पाहतही नाही, अंदाजाने पुढे जातो.

शाळेच्या फळ्यावर पंचवीस वर्षे सुविचार लिहिलेल्या माणसाला वाटते की आपल्याला अक्षर येते. फळ्यावरचे अक्षर एकदाच जगते. छापायचे अक्षर प्रत्येक शेजाऱ्यासोबत, प्रत्येक ओळीत तसेच्या तसे उभे राहावे लागते. ते एक निराळेच शास्त्र आहे. २०२० च्या महामारीत हे शास्त्र शिकवणारे परदेशातील काही वर्ग संगणकाच्या पडद्यावर आले आणि घर न सोडता शिकण्याची सोय झाली. अमेरिकेतील अशाच एका वर्गात मी २०२१ च्या जानेवारीत नाव घातले. शुल्क डॉलरांत होते, ते भरताना हात थोडा थरथरला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पाच. मार्चच्या मध्याला त्यांनी आपली घड्याळे तासभर पुढे केली, आमची वसई होती तिथेच राहिली आणि वर्ग चार वाजता भरू लागला. प्रायश्चित्तकाळ सुरू होताच. निराळा त्याग शोधावा लागला नाही. सहा वाजता देवळाची घंटा झाली की ती सगळ्या वर्गाला ऐकू जाई. लिस्बनच्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात ती ओळखली. त्याच्या आजीच्या गावीही देवदूताच्या प्रार्थनेची घंटा अशीच होते म्हणे.

आमच्या बाईंना देवनागरीचे एक अक्षर वाचता येत नव्हते. प्रारंभी मला ही उणीव वाटली, पण पुढे तिचा मोठा लाभ झाला. ज्याला वाचता येते तो अर्थ पाहतो. ज्याला येत नाही तो आकार पाहतो. बाई माझे पान पडद्यावर उलटे करीत, डोळे किलकिले करीत आणि जिथे काळोख दाटला असेल तिथे तांबडे वर्तुळ काढीत. त्या वर्तुळात हमखास ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध’ असे. रोमन लिपी शिकवताना त्यांनी सर्वांना दोनच अक्षरे दिली, एन आणि ओ. एका उभ्या रेघेचे आणि एका गोलाचे नाते ठरले की त्यातून अर्धी वर्णमाला निघते. गोल अक्षर चौकोनी अक्षराच्या उंचीचेच काढले तर ते बुटके भासते, म्हणून त्याला वर-खाली किंचित वाढवायचे. आडवी रेघ उभीच्या जाडीची ठेवली तर ती अधिक जाड दिसते, म्हणून ती बारीक करायची. डोळ्याला समान दिसावे यासाठी मोजपट्टीशी असमान वागायचे, हे या विद्येचे पहिले सूत्र.

देवनागरीसाठी एन आणि ओ कोणते, हे मात्र माझे मलाच शोधायचे होते. मी व आणि प घेतले. व पासून ब आणि क, प पासून ष आणि फ. मग बोरू आठवला. रोमन अक्षर ज्या कलमाने घडले तिचा काप आणि आपल्या बोरूचा काप यांचा तिरपेपणा परस्परविरुद्ध असतो. त्यामुळे त्यांची जाडी डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या रेघेत भरते आणि आपली उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्या. संगणकात बोरू नसतो. तिथे बिंदू असतात, आणि बिंदूंना जोडणाऱ्या वक्ररेषा; त्यांना पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्याचे नाव आहे. रेनॉ कंपनीत मोटारींचे बाह्याकार आखण्यासाठी त्याने १९६० च्या दशकात हे गणित उपयोगात आणले. मोटारीच्या पत्र्याचे गणित आज ‘क’ च्या पोटाला बाक देते, याची मला अजून गंमत वाटते.

पडद्यावर शिकण्याचा एक तोटा सांगितलाच पाहिजे. तिथे एकेक अक्षर हत्तीएवढे करून पाहता येते आणि मन त्याच्या वळणावर भाळते. अक्षराची परीक्षा कागदावर, खऱ्या मापात होते. शेजारी बसून गुरूने आपला कागद उचलून खिडकीपाशी धरावा, हे पडद्यावरून होत नाही. ते काम मी आईकडे सोपवले.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात प्रभू येशू नियमशास्त्रातील अगदी बारीकशा रेघेबद्दल बोलतो. मूळ ग्रीकमधील तो शब्द ‘शिंग’ या अर्थाचा आहे. अक्षराच्या कोपऱ्यातून बाहेर डोकावणारे टोक. हिब्रूत दालेत आणि रेश या दोन अक्षरांत त्या कोपऱ्याएवढाच भेद आहे. पर्वतावरच्या प्रवचनाचा हा भाग मी बालपणापासून ऐकत आले, पण प्रभूच्या श्रोत्यांसमोरही त्यांचा स्वतःचा भ आणि म उभा होता, हे मला पहाटेच्या त्या वर्गामुळे उमगले. मी भ, ध आणि थ यांच्या माथ्यावरील फट रुंद केली. सलग शिरोरेखेत ती एकदम खिंडारासारखी दिसू लागली. मग ती थोडी कमी करून डावीकडच्या गाठीचा वळसा मोठा केला. एकट्या भ ची सतरा रूपे झाली.

आणि मग तो शब्द आला, ज्याच्याशिवाय आपले एकही पान छापता येत नाही: ख्रिस्त. देवनागरीतल्या बऱ्याच अडचणी या दोन अक्षरांत एकत्र राहतात. ख हे अक्षर र आणि व असे फुटून वाचले जाई. म्हणून विसाव्या शतकात लिपीचे प्रमाणीकरण झाले तेव्हा त्याचे दोन्ही भाग तळाशी जोडण्यात आले. त्याच्या कान्याला र ची तिरपी रेघ. पहिली वेलांटी उच्चारायची शेवटी, लिहायची आधी, आणि तिची कमान ख च्या अख्ख्या रुंदीवरून जाऊन कान्याला भेटली पाहिजे. ‘रि’ वरची वेलांटी ‘ख्रि’ ला पुरत नाही. मी वेलांटीच्या अकरा रुंदी काढल्या. कोणत्या अक्षरासोबत कोणती उभी राहील, याचे नियम अक्षरसंचाच्या आत लिहून ठेवावे लागतात. पूर्वी हेच काम जुळाऱ्याची बोटे करीत. त्यानंतर ‘स्त’. मराठीचा म्हणून ल आणि श यांचा आकार वेगळा, ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र वेगळा, आणि आपल्या आडनावांसाठी, गावांच्या नावांसाठी ॲ, ऑ, न्स, र्ज. मोजदाद करीत गेले तेव्हा आकडा ७१२ वर थांबला. फादर स्टीफन्स यांनी केलेला अंदाज काही अवास्तव नव्हता.

हे सर्व करण्याची गरजच काय, असे एका स्नेह्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला आणि आपल्या दिवंगत पत्नीच्या नावाने ओळखला जाणारा ‘मंगल’ कित्येक संगणकांत होताच. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा ‘मुक्त’ कोणालाही विनामूल्य वापरता येतो. ज्या खुल्या परवान्याखाली ‘मुक्त’ मिळतो, तो परवाना एस.आय.एल. या संस्थेने सिद्ध केला, आणि त्या संस्थेची मुळे बायबलच्या भाषांतरकार्यात आहेत. त्याच संस्थेचा ‘अन्नपूर्णा’ नावाचा देवनागरी संच आहे. ही सर्व अक्षरे मी आईपुढे ठेवून पाहिली. ती उत्तम आहेत. परंतु ती सर्वांसाठी आहेत, आणि माझ्यापुढे एकच वाचक होती.

एकच वाचक असल्यामुळे घाई होती. वर्ग संपला तेव्हा माझी दोनशेच्या आसपास अक्षरे झाली होती आणि आईची उजवी बाजू अधिक पुसट झाली होती. ७१२ पूर्ण होईपर्यंत तिचे डोळे थांबणार नव्हते. मग मी क्रम मोडला. पवित्र मरियेचे स्तोत्र, लूकच्या पहिल्या अध्यायातील, एवढेच घेतले आणि त्याला लागतील त्याच आकृती आधी काढायच्या असे ठरवले. त्या भरल्या ९४. सहाशे साच्यांच्या भिंतीपुढे उभे राहून मनुष्य खचतो; चौऱ्याण्णव साचे मात्र एका पावसाळ्यात होतात.

ऑगस्टमध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, ते पान मी छापले. अठरा पॉइंट, दोन ओळींत सढळ अंतर, कागद पिवळसर. आईने खिडकीपाशी खुर्ची ओढून घेतली, मान थोडी वळवून डोळ्यांच्या कडेने वाचायला सुरुवात केली. स्तोत्र तिला पाठ आहे, हे मला ठाऊक होते. म्हणून मी मधल्या एका ओळीत एक शब्द मुद्दाम बदलून ठेवला होता. ती तिथे थांबली, पुन्हा मागे गेली आणि म्हणाली, “हे असं नाही इथं. कोणी बदललं?”

पुढच्या पानासाठी मी कोणता पाठ घेणार हे विचारून तिने कागद परत दिला. तो देताना तिची एक तक्रार होती: एका शब्दावरची वेलांटी तिला अनुस्वारासारखी दिसली. मी ती आकृती उघडली. कमानीचे टोक शिरोरेखेच्या फार जवळ आले होते. ते वीस एकके वर घेतले आणि पान पुन्हा छापले.