कोबीवाचून स्लॉ

सांगलीजवळच्या एका गावातील ते घर. दिवस डिसेंबरचे. या भागात तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि घरातील आजींचा नियम सूर्यास्ताच्या दोन घटका आधी अन्नपाणी आटोपण्याचा. दोन घटका म्हणजे 48 मिनिटे. त्यामुळे पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांचे ताट उचललेले असे. सिंगापूरहून दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला नातू मात्र रोज रात्री नऊला मित्रांबरोबर बाहेर जेवत होता. आजी त्याला काही बोलल्या नाहीत. पण चार दिवस एका छपराखाली राहूनही आजी आणि नातू एकदाही शेजारी बसून जेवले नव्हते, आणि ते दोघांनाही जाणवत होते.

पाचव्या दिवशी साडेचार वाजता तो हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आला.

“आजी, आज कोशिंबीर मी करतो. तिकडे तिला स्लॉ म्हणतात. वीस मिनिटांत होते.”

“त्यात काय काय घालतात रे?”

तो उत्साहाने सांगू लागला आणि एकेका नावागणिक त्याचा आवाज उतरत गेला. कोबी. पानांच्या पदरांत दडलेला बारीक जीव दिसत नाही, म्हणून या घरात कोबी येत नाही. गाजर, आले, लसूण, कांद्याची पात. यांपैकी काहीच या उंबऱ्याच्या आत येत नाही. मध नाही. सोया सॉस आणि तांदळाचा व्हिनेगर आंबवून करतात, म्हणून तेही नाही. तिकडच्या अशा कोशिंबिरींना खारटपणा पुष्कळदा माशांपासून केलेल्या सॉसचा असतो. त्याचे नाव त्याने घेतलेच नाही. परदेशात ते टाळणे त्याला प्रत्येक वेळी जमले होते, असेही नव्हते. आजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले,

“मग उरलं काय?”

प्रश्नात टोमणा नव्हता. सूर्य मावळायचा होता, पपईच्या झाडावर ऊन होते आणि त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. तोही विचारात पडला. एवढे सगळे वजा केल्यावर हा पदार्थ उभा राहतो तरी कशावर? दाताखाली करकर वाजणारी भाजी, आंबट, गोड, खारट, थोडा तिखटपणा आणि तिळाचा खमंग वास. यांतील एकही गोष्ट कंदमुळांच्या आधाराने उभी नव्हती.

‘कोलस्लॉ’ हा शब्द मुळात डच भाषेतला. त्यातील ‘कोल’ म्हणजे कोबी आणि ‘स्ला’ म्हणजे सॅलड. म्हणजे कोबी गेला तरी ‘स्ला’ मागे राहतोच. थायलंडमधील प्रसिद्ध ‘सोम तम’ तर कोबीची नव्हे, कच्च्या पपईचीच कोशिंबीर. तीही उखळात, दाणे आणि मिरची ठेचून करतात. गंमत अशी की पपई, मिरची आणि भुईमूग ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. समुद्रमार्गे आलेले हे पाहुणे थायलंडात रुजले, तसेच महाराष्ट्रातही रुजले. सिंगापूरहून आणलेल्या पाककृतीचा निम्मा ऐवज परसात आणि फडताळात आधीपासूनच होता.

त्याने एक कच्ची पपई उतरवली. तिला उभ्या चिरा पाडून चीक निथळू दिला, साल व बिया काढल्या आणि लांब कीस केला. दोन वाट्या भरला. तो माठातल्या गाळलेल्या गार पाण्यात पाच मिनिटे ठेवून फडक्यावर पसरला. काकडीच्या बिया काढून लांब काप केले, एक ढोबळी मिरची उलगडून, आतून नीट पाहून बारीक चिरली. त्या दिवशी अष्टमी-चतुर्दशी नव्हती, त्यामुळे हिरव्या भाजीला आडकाठी नव्हती. खलबत्त्यात एक हिरवी मिरची आणि दोन चमचे गूळ ठेचला, अर्धी वाटी भाजलेले दाणे टाकून दोनच घाव दिले. त्यात दोन चमचे लिंबाचा रस आणि चमचाभर तिळाचे तेल मिसळले.

“आल्याचा झणका मात्र राहिला,” तो म्हणाला.

आजी उठल्या. फडताळातून सुंठेची डबी काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. “आलं नाही चालत. सुंठ वाळलेली, ती चालते. चिमूटभरच घाल. आणि मीठ आत्ता नको, वाढताना घाल. नाहीतर काकडी पाणी सोडते आणि सगळं मऊ पडतं.”

हे तिकडे त्याला कुणी सांगितले नव्हते. दर वेळी त्याच्या स्लॉच्या तळाशी पाणी साचत असे.

पाचला दहा मिनिटे कमी असताना त्याने मीठ घातले, सगळे हलक्या हाताने कालवले आणि वरून भाजलेले तीळ व मूठभर कोरडे भाजलेले चिरमुरे पसरले. भाकरी आणि मुगाच्या आमटीशेजारी ती कोशिंबीर वाढली गेली. आजींनी पहिला घास घेतला. करकर आवाज झाला आणि त्या हसल्या.

“दाण्याचा कूट केला असतास तर मिळून आली असती.”

“मग कुरकुरीत राहिली नसती, आजी.”

“तेही खरं.”

त्यांनी पुन्हा थोडी वाढून घेतली. पाच वाजून दहा मिनिटांनी ताट उचलले, चूळ भरली आणि दिवसाचे अन्नपाणी संपले.

त्या रात्रीही नातू मित्रांना भेटायला गेलाच. आजींनी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास तो परसात गेला, तेव्हा एक कच्ची पपई आधीच उतरवून पायरीवर ठेवलेली होती. तिला चिराही पाडलेल्या होत्या.