काळोख मात्र माझा

ती. ताईस,


रविवारी फोनवर तू विचारलंस, "फोटो छान आलाय रे, पण रंग तूच भरलेस ना?" मी चिडून 'नाही' म्हणालो. चिडायला नको होतं. प्रश्न रास्त होता आणि मी उत्तर अर्धंच दिलं.

फोटो फाल्गुनी अमावस्येचा, वांगणीजवळच्या एका शेतावरचा. सप्तर्षींच्या शेपटीचं टोक म्हणजे मरीची. तिथून सात पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडले की एम ५१ ही सर्पिल दीर्घिका. अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षं दूर. माझ्या सहा इंची दुर्बिणीला डोळा लावला तर ओल्या बोटाने पुसलेल्या खडूसारखे दोन डाग दिसतात, बस्स. तिचा भोवरा पहिल्यांदा ओळखला १८४५ साली, आयर्लंडमधल्या बर गावच्या लॉर्ड रॉसने. त्याचा धातूचा आरसा ७२ इंचांचा! दिसलं ते त्याने हाताने चितारलं. ही आपल्यासारखीच वेगळी आकाशगंगा आहे हे ठरायला विसावं शतक उजाडलं, पण वळणं त्याने बरोबर काढली. मला त्या डोळ्यांचा हेवा वाटतो. माझ्याकडे बाराव्या हिश्शाचा आरसा आणि जुना डीएसएलआर.

पण कॅमेरा साठवतो, डोळा साठवत नाही. तू रोज साय काढून डब्यात टाकतेस ना, तसंच. तीन मिनिटांची एक फ्रेम म्हणजे एका दिवसाची साय. तेवढ्यावर तूप कढवायला बसू नये. अशा ५२ काढल्या. काहींत वाऱ्याने तारे लांबट झाले, काहींतून विमानं गेली. १६ टाकून दिल्या. उरलेल्या ३६ संगणकावर एकावर एक रचल्या. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येकीत त्याच जागी असतो, खरखर मात्र दर वेळी वेगळी, म्हणून सरासरीत ती सहापट कमी होते. ३६ चं वर्गमूळ, शाळेतलंच.

खरा व्याप त्याआधीचा. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बिणीच्या माउंटचा आस ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, आणि शेतमालकांचा आंबा बरोबर त्याच्या आड. पाऊण तास तिपाई उचलून शेतभर हिंडलो. पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून बसवला आणि उजळत्या आभाळाचे फोटो घेतले. सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुढे काढून टाकायला ते लागतात. शेतमालक चहा घेऊन आले, दुर्बिणीला बनियन घातलेला बघितला आणि काही न बोलता कप ठेवून गेले.

आता रंग. भुजांचा निळसरपणा तापलेल्या तरुण ताऱ्यांचा, गाभ्याचा पिवळटपणा म्हाताऱ्यांचा. मधले गुलाबी ठिपके हायड्रोजनचे, तिथे तारे जन्मतात. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, सेन्सरला कळतात. मी ते वाढवले, थोडे जास्तच वाढवले असं आता वाटतं, पण भरले नाहीत.

खोटं आहे ते वेगळंच. कुठलीही कच्ची फ्रेम उघड, मागचं आभाळ चहासारखं तांबूस आहे. बदलापूर-कल्याणच्या दिव्यांचं. दीर्घिका उत्तरेला, त्यामुळे अडीच तासांहून जास्त वेळ मी त्या उजेडातूनच बघत होतो. तो किती हे मोजून संगणकावर वजा केला. तू 'काय काळंभोर आभाळ' म्हणालीस, ते त्या रात्री तिथे नव्हतंच. रंग खरे आहेत ताई, काळोख मी केलेला आहे. आजोळच्या अंगणात बाजेवर पडल्या पडल्या तसलं आभाळ वर असायचं, तेव्हा आपण भुताच्या भीतीने गोधडीत तोंड खुपसून झोपायचो.

चैत्री अमावस्येला पुन्हा जाणार आहे, तू ये. भोवरा दिसणार नाही, आधीच सांगतो. दोन डागच दिसतील. दशम्या आण. आणि तिथे मोबाइलची बॅटरी लावायची नाही.

तुझा,
धाकटा