आधी त्यांना विचारा

तुमच्या घरी दादा-दादी किंवा नाना-नानी आहेत का? 'आता त्यांनी कोठे राहावे? त्यांच्याजवळ कोण थांबेल?' अशी चर्चा तुम्ही कधी तरी ऐकली असेल. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात ६० वर्षांवरील माणसे १० कोटींहून अधिक होती. म्हणजे हा प्रश्न एका घराचा नाही.

माझी नानी मालेगावला राहत असे. नाना वारले तेव्हा तिचे वय ७६ होते. तिचे गुडघे दुखत, डोळ्यांना कमी दिसे. थोरले मामू मुंबईला, तर धाकटे भिवंडीला होते. थोरले म्हणाले, ''अम्मा सहा महिने माझ्याकडे राहतील, सहा महिने तुझ्याकडे.'' कोणी वृद्धाश्रमाचे नाव काढले. ते ऐकून अम्मी रडू लागली. सारे बोलत होते. फक्त नानी गप्प होती. शेवटी खालाने विचारले, ''अम्मा, तुम्हांला काय वाटते?''

नानी म्हणाली, ''मुंबईचे घर चौथ्या मजल्यावर आहे. मी खाली कशी उतरणार? इथे सारा मोहल्ला मला ओळखतो. मला इथेच राहू द्या. पण रात्री एकटीला भीती वाटते.''

या उत्तरातच वाट सापडली. न्हाणीघरात आधारासाठी भिंतीला दांडी बसवली. शेजारची एक मुलगी रात्री सोबतीला येऊ लागली. नानी तिला रोज एक गोष्ट सांगे. दोन्ही मामू खर्च पाठवत आणि आळीपाळीने भेटायला येत. अशी चार वर्षे गेली. पुढे चालणे बंद झाले, तेव्हा नानी स्वतःच म्हणाली, ''आता मला भिवंडीला न्या.''

वृद्धाश्रम ही काही वाईट जागा नव्हे. ज्यांना कोणी नाही, त्यांना तो मोठा आधार असतो. काहींना आपल्या वयाच्या माणसांत राहणे आवडतेही. पण म्हाताऱ्या माणसाला न विचारता तेथे नेऊन सोडणे वाईट. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांचा सांभाळ करणे हे मुलांचे कर्तव्य ठरवले आहे. मुले सांभाळत नसतील, तर आई-वडील निर्वाहखर्च मागू शकतात. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. मात्र कायद्याने खर्च मिळेल, माया मिळणार नाही.

तुम्ही लहान आहात, तरी पुष्कळ करू शकता. औषधाच्या पाकिटावरचे नाव वाचून दाखवा. रस्ता ओलांडताना हात धरा. शाळेतून आल्यावर दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा. आणि घरात त्यांच्याविषयी काही ठरत असेल, तर अदबीने एवढेच म्हणा, ''आधी दादींना विचारू या.''