दोन बुजुर्ग आणि तीन तज्ज्ञ

कुस्ती जो खेळतो त्याला ती थोडीफार कळते. जो मांडीवर पोह्यांची बशी घेऊन टीव्हीवर पाहतो त्याला ती संपूर्ण कळते. माझी छाती आणि माझी बी.कॉम.ची पदवी पाहता मी दुसऱ्या वर्गात मोडतो, हे सांगायला नकोच.

7 जून 2019 रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाला गोल्डबर्ग आणि अंडरटेकर या दोन नामांकित गड्यांची पहिल्यांदाच गाठ पडली. रविवारी तिचे पुनर्प्रक्षेपण पाहायला आमच्या सिडकोतल्या घरी चिरंजीव, शेजारचे काका आणि आमचे अण्णा असे तीन तज्ज्ञ जमले. गोल्डबर्ग 52 वर्षांचा, अंडरटेकर 54 वर्षांचा. बँकेच्या हिशेबाने एकाची आठ आणि दुसऱ्याची सहा वर्षे नोकरी शिल्लक! पण त्या वयात आमच्याकडे रजिस्टर उचलायलाही शिपायाला हाक मारतात. माणूस उचलायची गोष्टच सोडा.

अण्णांचा या प्रकाराला तत्त्वतः विरोध. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 साली आमच्याच गावात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, झाली. दिनकर दह्यारी जिंकले तेव्हा दहा वर्षांचे अण्णा चुलत्याच्या खांद्यावर बसून ओरडत होते. अशा माणसाला दोरखंडातली कुस्ती कशी रुचावी?

"निकाल आधीच ठरलेला असतोय. मग घाम कशाला गाळायलेत?"

"आजोबा, ते सगळ्यांनाच माहितीये. तरी बघायचं असतं."

मला पटले. बढतीच्या मुलाखतीला मी तीनदा जाऊन आलो आहे.

लढत सुरू झाली. गोल्डबर्ग त्वेषाने धावून गेला, अंडरटेकर बाजूला सरला आणि गोल्डबर्गचे डोके कोपऱ्यातल्या खांबावर आदळले. रक्त आले. "बाबा, हे खरं आहे!" चिरंजीव दचकले. पुढे गोल्डबर्गने अंडरटेकरला उलटे उचलले खरे, पण पेलवेना. तो जवळजवळ डोक्यावरच आला. नंतरच्या डावात तर दोघेही एकमेकांसकट कोसळले. अखेर अंडरटेकरने गळा धरून आपटले, पंचाने तीन मोजले, आणि आमच्याकडे मतदान सुरू झाले.

"निव्वळ पैशासाठी!" काका म्हणाले.

"बोअर. या वयात घरी बसावं ना," चिरंजीव म्हणाले.

घरी बसलेले अण्णा गप्प होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हात सुटला, ते काही ठरलेलं नव्हतं. आणि खालचा बघ, त्याच हातांच्या भरवशावर उलटा लटकला होता. मातीत भरवसा नसतोय. तिथं सोपं असतंय."

चहाचे कप गोळा झाले. अण्णा नेहमीप्रमाणे गच्चीवर निघाले. गुडघे दुखू लागल्यापासून जिन्यापाशी मी रोज हात पुढे करायचो आणि "मला काय धाड भरली?" म्हणून ते तो रोज झिडकारायचे. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. नुसता धरला नाही, सगळा भार टाकला. मी दोन्ही पाय रोवले, श्वास रोखला आणि अगदी सहज उभा असल्याचा चेहरा केला.

त्या आठवड्यात माझीच कंबर धरली होती, हे मी त्यांना आजतागायत कळू दिलेले नाही.