काचेवरचे शेवाळ

‘शेवाळ’ हा शब्द आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षे वर्गात शिकवला आहे. संस्कृत ‘शैवल’पासून तो मराठीत कसा आला हे भाषाविज्ञानाच्या तासाला सांगितले आहे; आणि ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात वल्कले नेसलेल्या शकुंतलेला पाहून दुष्यंताला शेवाळाने वेढलेले कमळ का आठवते, तेही. शेवाळ असूनही कमळ रम्यच, असा त्या राजाचा अभिप्राय. अर्थात तळे साफ करण्याचे काम त्याच्याकडे नव्हते. आमच्याकडे ते चार वर्षांपूर्वी आले, घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली तेव्हा.

टाकी लहानच, दोनशे लिटरची. तीत दोन क्लाऊनफिश, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक क्लीनर कोळंबी, सात-आठ गोगलगायी, आणि खडकांवर मशरूम व झोअँथिड जातीचे मऊ प्रवाळ. (दगडी प्रवाळ आम्ही घेतले नाहीत. आपल्या समुद्रातले हे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. दिवाणखान्यात वाघ बाळगण्याची हौस आम्हाला नाही.) पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी थर आला. तो डायाटमांचा; नव्या टाकीत येतो आणि पाण्यातले सिलिकेट सरले की बहुधा आपोआप ओसरतो. आमचाही ओसरला, आणि विषय आपल्याला समजला असे आम्हाला वाटू लागले. पाचव्या महिन्यात खडकांवर हिरवे केस उगवले. तीन आठवड्यांत झोअँथिडांची फुलासारखी तोंडे त्या केसांखाली दिसेनाशी झाली.

दिवस उत्तरपत्रिकांचे होते. गठ्ठे घरी आलेले, आणि मान वर केली की समोर ती हिरवी झिपरी टाकी. आमच्यापैकी एकाने बाजारातून शेवाळनाशकाची बाटली आणली. (कोणी, हे सांगत नाही, या बाबतीत ‘आम्ही’ हे सर्वनाम मोठे सोयीचे आहे.) दुसऱ्याने झाकणाने मोजून औषध ओतले. बाटलीवरचा बारीक मजकूर दोघांपैकी कोणीही वाचला नाही. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘संहिता नीट वाचा’ असे बजावणाऱ्यांची ही गोष्ट. औषध गोड्या पाण्यासाठी होते आणि त्यात तांबे होते. माशांना सोसेल एवढे तांबेही कोळंबीला, गोगलगायींना आणि प्रवाळांना मारक ठरते. सकाळी गोगलगायी तळाशी उलट्या पडलेल्या होत्या. कोळंबी एका कोपऱ्यात आडवी होऊन पाय हलवत होती. दुपारपर्यंत तेही थांबले. त्यानंतर कित्येक दिवस पाणी बदलणे, कार्बन आणि तांबे शोषणारे रेझिन घालणे चालू होते, कारण खडक तांबे शोषून घेतात आणि मग हळूहळू परत सोडत राहतात. प्रवाळ कसेबसे तगले. शेवाळ मात्र महिन्याभरात दुप्पट जोमाने आले. मेलेल्या जिवांचे खत त्याला मिळाले होते, आणि ते कुरतडणारे कोणी उरले नव्हते.

दुसरी चूक होता होता राहिली, पण ती आठवली की आजही पोटात गोळा येतो. कोणीतरी सुचवले, खडक बाहेर काढून उकळा, शेवाळ मुळासकट जाईल. सल्ला देणाऱ्याला आमच्या खडकावर काय बसले आहे हे ठाऊक नव्हते, आणि आम्हाला तरी कुठे होते? आम्ही मोठे पातेले गॅसवर ठेवले. शेजारी आई मेथी निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. बोलता बोलता पातेल्याचा विषय निघाला, तर ती ओरडलीच, “मॅडम, आधी गॅस बंद करा!” झोअँथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. खडक उकळला, कढत पाणी ओतले किंवा कोरड्यात खरवडला की ते वाफेतून, तुषारांतून श्वासात जाऊ शकते. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका घरात टाकीतल्या प्रवाळाची साफसफाई करताना याच विषाने सबंध कुटुंब इस्पितळात पोचले होते. आम्ही गॅस बंद केला. आईंनी विचारले, “काय झालं गं?” आम्ही म्हटले, काही नाही.

शेवाळ येत होते कशामुळे? अन्नामुळे. उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा कुजते, तिचे अमोनिया, नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट होते, शिवाय फॉस्फेट. या दोहोंवर आणि दिव्यावर शेवाळ पोसते. पाण्याची चाचणी केली तर दोन्ही भरमसाट. आम्ही तर दिवसातून एकदाच चिमूटभर खाद्य घालत होतो. मग उलगडा झाला. टाकीजवळून जाता-येता आई एकेक चिमूट टाकत होत्या. “तोंडं उघडून मागतात रे बिचारे. तुम्ही मुक्या जिवांना उपाशी ठेवून कॉलेजला जाता.” ज्यांनी आम्हाला कधी उपाशी राहू दिले नाही, त्यांना ‘खायला घालू नका’ हे कोणत्या शब्दांत सांगायचे? मराठीचे दोन प्राध्यापक आठवडाभर त्या एका वाक्याची जुळवाजुळव करत होते.

त्याच आठवड्यात वाचनात आले की प्रवाळाचे रंग आणि त्याचे बरेचसे अन्नही त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांकडून येते. समुद्र तापला की ती निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. म्हणजे आम्ही ज्याच्यावर विष ओतत होतो, त्याच्याच सूक्ष्म भाऊबंदांवर आमचे प्रवाळ जगत होते. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये काळ्या लांबकाटी सी-अर्चिनांची साथीने वाताहत झाली. शेवाळ चरणारे मासे तिथे आधीच बेसुमार मासेमारीने सरले होते. पुढच्या काही वर्षांत जमैकाचे प्रवाळखडक शेवाळाखाली गेले. शेवाळ तिथे पूर्वीही होतेच. नाहीसे झाले होते ते त्याला खाणारे.

मग औषधे बंद केली. पाणी आरओचे, त्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम सागरी मीठ. दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलायचा. दिवा अकरा तासांवरून आठ तासांवर आणला. टाकीमागच्या कप्प्यात, वेगळ्या दिव्याखाली, कीटोमॉर्फा नावाचे तारांच्या गुंतवळासारखे शेवाळ मुद्दाम वाढवले. ते नायट्रेट-फॉस्फेट खाते आणि वाढले की मूठभर काढून टाकायचे. फॉस्फेट एकदम शून्यावर आणण्याचा मोह आवरला, कारण ती पोकळी डायनोफ्लॅजेलेट भरून काढतात आणि ते याहून चिवट. गोगलगायी पुन्हा आणल्या, थोड्या थोड्या. उपटणे मात्र हातानेच, खडक पाण्यात ठेवून, सायफनची नळी शेजारी धरून.

आईंना शेवटी आम्ही ते वाक्य म्हटलेच नाही. लांब चिमटा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे त्यांच्या हाती दिले आणि खडकावरचे शेवाळ तेवढे, प्रवाळाला हात न लावता, काढून द्याल का असे विचारले. तांदूळ निवडावेत तसे त्या ते निवडतात. दोन-तीन रविवार गेल्यावर त्या म्हणाल्या, “हे एवढं उगवतं ते मी टाकते त्यानेच ना?” आम्ही दोघेही टाकीकडे पाहत राहिलो. खाद्याची डबी त्यांनी स्वतःच वरच्या फळीवर ठेवली. शेवाळ अजून आहे, पंपाच्या मागे, बोटभर. परवा नव्या गोगलगायींपैकी एक तिथपर्यंत पोचलेली दिसली.