लोणार, भाचा आणि साबण

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आमच्या भाच्याचं. त्याने लोणारजवळ थोडी जमीन घेतली आहे आणि तिथे 'इको रिसॉर्ट' काढायचं त्याच्या मनात आहे. आठ खोल्या, हुरडा पार्टी आणि पोहण्याचा तलाव! "मामा, तुम्ही मराठीचे मास्तर. माहितीपत्रक तुम्हीच लिहा," असा फोन आला.

लिहायला बसलो आणि 1984 सालची सहल आठवली. औरंगाबादहून एस.टी.ची गाडी ठरवून चाळीस मुलं नेली होती. जालना, सिंदखेडराजा करत लोणार. उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेला तो सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा पाहून सगळी गप्पच झाली. (चाळीस मुलं एकदम गप्प झालेली मी अख्ख्या नोकरीत तेवढी एकदाच पाहिली.) खाली उतरलो. मी लवणासुराची गोष्ट सांगितली, विज्ञानाच्या सरांनी तांबडा लिटमस पाण्यात बुडवून निळा करून दाखवला. टाळ्या अर्थात त्यांना.

मग वर धारेवर आलो. तिथे गोमुखातून गोडं पाणी पडतं. मीच म्हटलं, घ्या रे आंघोळी उरकून. साबण निघाले, काहींनी शर्टही धुतले. तो फेस उताराने सरोवराकडे निघालेला पाहूनही मला काही वाटलं नाही. खाली एवढं पाणी, त्यात चाळीस वड्यांचं काय!

पण या सरोवरातून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. पावसाचं, झऱ्यांचं पाणी आत येतं आणि जातं ते वाफ होऊन. म्हणून तर क्षार साचत गेले. तसाच आमचा साबण, आणि वर्षानुवर्षं उतरलेलं गावाचं सांडपाणीही. सरोवराचं सगळं वैभव त्या खाऱ्या पाण्यात आहे. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, ते अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी रामसर यादीत नाव लागलं. अभयारण्य तर 2000 पासूनच आहे. मैलापाणी मिसळत राहिलं तर चार गावांत असतं तसं शेवाळलेलं तळं होईल. ते बघायला कोण येणार?

भाच्याच्या बेताला माझा विरोध नाही. लोणारच्या पोरांना वाटाड्या म्हणून, खानावळीतून चार पैसे मिळाले तर सरोवर राखावंसं त्यांनाही वाटेल. पण मुक्काम, जेवण, संडास सगळं कडेपासून लांब हवं. विवरात फक्त पायी जावं, आणि येताना दगडही खिशात घालू नये. पोहण्याचा तलाव मात्र मला अजून कळलेला नाही. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात त्याला पाणी आणणार कुठून?

त्याला एवढंच विचारलंय, आठ खोल्यांचं सांडपाणी कुठल्या उताराने जाणार ते नकाशावर दाखव. चार दिवस झाले, फोन नाही. ताई, हे वाचत असशील तर त्याला आठवण कर. तोवर पत्रकाचा मजकूर मी काही लिहीत नाही.