नांदूर शिंगोट्याची टेकडी

नाशिकहून पुण्याला निघालेला माणूस सिन्नर मागे टाकतो तेव्हा त्याला संगमनेर कधी येतंय याचीच घाई असते. नांदूर शिंगोटे त्याला ठाऊक असतं ते लोणीकडे वळायच्या फाट्यापुरतं. मी महामार्ग बसस्थानकावरून एसटी पकडली ती मात्र त्याच गावी उतरायचं ठरवून.

नाशिकमध्ये इंग्रजांविरुद्धच्या हत्यारबंद लढ्याचा विषय निघाला की लोक 21 डिसेंबर 1909 ची रात्र सांगतात. विजयानंद नाट्यगृह, कलेक्टर जॅक्सन, आणि त्याच्यावर पिस्तूल झाडणारा कोवळा अनंत कान्हेरे. गोल्फ क्लबच्या मैदानाला कान्हेऱ्यांचं नाव आहे, ते असायलाच हवं. पण त्याआधी अर्धशतक याच जिल्ह्यानं सलग दोन वर्षं बंड पाहिलं होतं. ते भिल्लांचं, ठाकरांचं, कोळ्यांचं होतं. त्यांच्या बाजूनं लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. आज जे वाचायला मिळतं ते बरंचसं त्यांचा पाठलाग करणाऱ्यांच्या कागदांवरून 1883 च्या नाशिक गॅझेटियरात उतरलेलं. ती पानं वाचल्यापासून ही जागा पायाखालून घालायची इच्छा मनात होती.

शिंदे-पळशाचा टोलनाका, मोहदरीचा घाट, मग कारखान्यांच्या शेडा. सिन्नरच्या पुढं मोकळं माळरान लागतं. दिवाळी नुकतीच झाली होती. वाफ्यांतून पाणी सोडलं होतं आणि बायका ओळीनं वाकून कांद्याची रोपं लावत होत्या. नांदूर शिंगोट्याला उतरलो तर फाट्यावर कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरलेले पिकअप उभे. एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "बाबा, भागोजी नाईकाची टेकडी म्हणतात ती कोणती?" त्यांनी हातानंच दक्षिणेकडच्या उघड्याबोडक्या टेकाडांची रांग दाखवली. "सगळ्याच त्याच्या. कोणतीबी चढा."

चढलो. वर कुसळं, निवडुंग आणि तापलेले काळे दगड. एवढ्याशा उंचीवरूनही पुणे-नाशिक रस्ता दोन्ही बाजूंना लांबवर दिसतो. येणारी गाडी गावात पोचायच्या कितीतरी आधी नजरेत येते. भागोजीनं ठाणं इथं का दिलं असेल ते सांगायला कोणी लागत नाही.

भागोजी नाईक मुळात पोलिसातला माणूस. अहमदनगरच्या पोलिसात तो अंमलदार होता. 1855 मध्ये दंगा करून पोलिसांना अडवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर नीट वागेन म्हणून जामीन द्यावा लागला. ते वर्ष सरतं न सरतं तोच 1857 चा वणवा पेटला आणि सरकारनं सरसकट हत्यारं काढून घ्यायचा हुकूम सोडला. भागोजीनं गाव सोडलं. पन्नासेक भिल्ल त्याला येऊन मिळाले.

4 ऑक्टोबर 1857 ला पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री इथं पोचला. भागोजीच्या सांगण्यावरून त्यानं दोन माणसं बोलणं करायला पाठवली. भागोजीची मागणी अशी: जिवाची हमी द्या, दोन वर्षांचा थकलेला पगार द्या, आणि पुढं पोटापाण्याची सोय करा. निरोप खाली आला आणि हेन्रीनं चढाईचा हुकूम दिला. भिल्लांची पहिली गोळी हेन्रीच्या पाठीमागच्या माणसाला लागली, तो जागीच गेला. मग हेन्रीला एक जखम झाली, तरी तो पुढं येत राहिला. दुसरी गोळी छातीत बसली.

हेन्रीचं नाव, हुद्दा, त्याच्याबरोबरच्या साहेबांची नावं, सगळं गॅझेटियरात आहे. त्याच्या पाठीमागं पडलेला तो 'एक माणूस' एवढाच. टेकडीवर उभं राहून मला हेन्रीपेक्षा त्याचंच जास्त वाटत राहिलं. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्याला नाईक म्हणून सलाम ठोकला असेल, त्याच्यावर तो चाल करून जात होता. आणि वरून मागणं होतं ते राज्य बुडवायचं नव्हतं, पगाराचं होतं. त्या दिवशी अजून एक निरोप वर गेला असता तर निदान हा माणूस वाचला असता, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर बंड पसरलं. डिसेंबरात त्र्यंबकचा खजिना लुटायला भिल्ल आणि ठाकर चालून आले. पेठच्या राजघराण्यातल्या भगवंतरावाला फासावर चढवलं. सरकारनं कॅप्टन नटॉलच्या हाताखाली महादेव कोळ्यांची पलटण उभी केली. ती वाढत सहाशेवर गेली. हे कोळी कोण? दहाच वर्षांपूर्वी, 1848 मध्ये, त्यांच्यातल्याच राघोजी भांगऱ्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली होती. डोंगर, चोरवाटा, पाणवठे त्यांना तोंडपाठ. म्हणून डोंगरातल्या माणसाच्या मागं डोंगरातलाच माणूस लावला. मार्च 1861 मध्ये पलटण मोडली. थोडे पोलिसात राहिले, बाकीचे परत नांगराला लागले.

हीच रीत खानदेशात 1825 पासून भिल्ल पलटणीनं चालवली होती आणि आजही ती चालू आहे. 1990 मध्ये गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढायला सी-60 ची पथकं काढली ती तिथल्याच तरुणांची. जंगल, गोंडी, माडिया त्यांना येतं म्हणून. नक्षल्यांच्या दलमांतही पुष्कळशी पोरं त्याच गावांची. 1 मे 2019 ला जांभूळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस गेले, तेव्हा वर्तमानपत्रातले फोटो पाहताना मला हा सिन्नरचा माळ आठवला होता. नक्षल्यांच्या सुरुंगाचं समर्थन मी कधी करणार नाही. पण ज्या मुलखातून दोन्हीकडचे मुडदे निघतात, त्या मुलखाचं मागणं आधी ऐकायला हवं होतं, हे म्हणायलाच हवं.

सिन्नरला परत येऊन वावीकडची गाडी धरली. मिठसागरे त्याच अंगाला. 1859 चा पावसाळा भागोजीवर फार वाईट गेला. संगमनेरजवळ अंभोऱ्याच्या दऱ्यात त्याचा मुलगा यशवंत मारला गेला. त्याच नोव्हेंबरात फ्रँक सौटरनं भागोजीला मिठसागऱ्याला गाठलं. तो तिथंच पडला, बरोबरचे बहुतेक जण त्याच्याबरोबर गेले. सौटर पुढं 1864 मध्ये मुंबईचा पहिला पोलीस कमिशनर झाला.

शिवारात ज्वारी कमरेला आलेली. रस्त्याकडेला एक पोरगा धापा टाकत मोबाईलवर वेळ बघत होता. पोलीस भरतीची तयारी. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत काढले तर वीसपैकी वीस मार्क. त्याला अजून अर्धं मिनिट जास्त लागत होतं. घरचा भिल्ल. मी भागोजीचं नाव काढलं तसा म्हणाला, "जयंतीला बॅनर लावतो ना आम्ही." तो पोलिसात होता म्हटल्यावर थबकलाच.

"खरं सांगता सर? मग सोडलं कशापायी?"

मी सांगितलं. शिक्षा, जामीन, हत्यारं, पगार. तो बुटाची नाडी सोडवत ऐकत होता. मग त्यानं मलाच विचारलं, जात पडताळणीचं कुणाशी बोलता येईल का. आजोबांचा शाळेचा दाखलाच नाही, ते शाळेतच गेले नव्हते, आणि कागदावाचून निवड होऊनही उपयोग नाही. नाशिकला एक वकील ओळखीचे होते, त्यांचा नंबर त्याला दिला आणि त्याच्यासमोरच त्यांना फोन लावला.